कल्पित राज्याचे व्याकरण : पीडित समाज आणि लोकवाङ्मयातील आश्रयभूमी

४.१ प्रास्ताविक



दिवाळीच्या दिवसांत घरातील स्त्री ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणते. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे वाक्य लहानपणापासून ऐकले असेल, काहींनी गेल्या दिवाळीत म्हटलेही असेल. त्यातील दोन क्रियापदांपाशी जरा थांबा. ‘टळो’ आणि ‘येवो’. ‘येईल’ असे म्हटले असते तर ते भाकीत झाले असते. ‘यावे’ असे म्हटले असते तर ती केवळ इच्छा राहिली असती. ‘येवो’ हे रूप आपल्या व्याकरणकारांनी आज्ञार्थाच्या कोष्टकात, तृतीय पुरुषाखाली ठेवले आहे. आज्ञा करायची तर समोर कोणी तरी ऐकणारे हवे. येथे समोर पाटावर भाऊ बसला आहे, पण राज्य आणण्याचे काम त्याला सांगितलेले नाही. ते देवालाही सांगितलेले नाही. जे राज्य कोणी पाहिलेले नाही, त्या राज्यालाच ‘ये’ म्हटले आहे.

प्रस्तुत घटकात आपल्याला अशा न पाहिलेल्या राज्यांचा विचार करायचा आहे. ज्या समाजाकडून जमीन, जंगल, मान आणि कधी कधी जगण्याचा अधिकारही हिरावून घेतला गेला, तो समाज कथेत, गाण्यात, विधीत दुसरे एक जग उभे करतो व तेथे आश्रय घेतो. या जगाला आपण ‘कल्पित आश्रयभूमी’ असे म्हणू. उत्तरपत्रिका तपासताना या विषयावर एक वाक्य मला वारंवार वाचावे लागते : ‘हे साहित्य पलायनवादी आहे.’ एवढे लिहून विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. वास्तवाला तोंड देण्याचे टाळणारा तो पलायनवादी, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पळणारे दोन प्रकारचे असतात. इंग्रजी लेखक टोल्किन यांनी १९३९ साली परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात हा भेद नेमका दाखवला. रणांगण सोडून पळणारा शिपाई आणि तुरुंगातून निसटू पाहणारा कैदी यांना एकाच शब्दाने संबोधण्याची चूक टीकाकार करतात, असा त्यांचा आक्षेप होता. आपल्यापुढे असलेला पळणारा कोणता, हे कसे ओळखावे? माझ्या मते त्याची भाषा पाहावी. कल्पित जग कोणत्या काळात, कोणत्या अर्थात आणि कोणत्या पुरुषी सर्वनामात मांडले आहे, हे तपासले की पुष्कळसा उलगडा होतो.

४.२ बळीचे राज्य

बळीची कथा तुम्हांला ठाऊक आहे, म्हणून ती येथे विस्ताराने सांगत नाही. असुरराजा बळी उदार होता. वामनाने तीन पावले जमीन मागितली व तिसऱ्या पावलासरशी त्याला पाताळात दडपले. पुराणकथेचा कौल वामनाच्या बाजूने आहे. शेतकऱ्याच्या घरातील वाक्याचा कौल मात्र बळीच्या बाजूने आहे. एकाच कथेचे हे दोन निकाल मराठी घरांत शेजारी शेजारी नांदतात आणि त्याविषयी कोणाला फारसे आश्चर्य वाटत नाही.

जोतीराव फुले यांना ते वाटले. ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात त्यांनी बळीला पुराणातून काढून इतिहासात बसवले. बळीच्या राज्याचे प्रांत, त्यांचे अधिकारी, त्यांची कामे असा सारा कारभार त्यांनी मांडला. म्हसोबा हा त्यांच्या मते मूळचा ‘महासुभा’, तर खंडोबा हा नऊ खंडांवरील अधिकारी. भाषाविज्ञानाच्या कसोटीला या व्युत्पत्ती टिकत नाहीत, हे मी भाषाविज्ञानाची अध्यापक म्हणून नोंदवायला हवे. पण या व्युत्पत्तींनी काय साधले ते पाहा. शेताच्या बांधावरचा शेंदूर लावलेला दगड एका न्यायी राज्याचा अधिकारी झाला. ज्या राज्याला केवळ ‘ये’ म्हणता येत होते, ते ‘होते’ असे म्हणता येऊ लागले. आज्ञार्थाची जागा भूतकाळाने घेतली. जे एकदा होते आणि हिरावून घेतले गेले, ते परत मागता येते. शब्दांची व्युत्पत्ती चुकली, तरी दावा उभा राहिला.

४.३ सातपुड्याचा मुलूख

आता आपण नंदुरबार जिल्ह्याकडे वळू. बळीच्या राज्याविषयीचे वाक्य महाराष्ट्रभर पसरलेले आहे. नंदुरबारमध्ये मात्र एकाच छोट्या मुलखात कल्पित आश्रयभूमीची तीन-चार वेगवेगळी रूपे सापडतात. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा हे येथील प्रमुख समाज होत. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे नर्मदा, दक्षिणेला तापीकाठची काळी जमीन.

डोंगर आणि काळी जमीन यांतील अंतर हाच या मुलखाचा इतिहास आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. भिल्लांचा बंदोबस्त करण्यासाठी त्यांनी एका हाताने मोहिमा काढल्या, तर दुसऱ्या हाताने १८२५ पासून जेम्स औट्रम याच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारली. १८५७ च्या उठावात खाज्या नाईक आणि त्यांचे साथीदार लढले. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात आंबापाणी येथे झालेल्या लढाईनंतर पकडलेल्या अनेक भिल्लांना गोळ्या घालण्यात आल्या. १८७८ हे वर्षही लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या एका वर्षात वनकायद्याने जंगल सरकारचे झाले आणि मुंबई इलाख्याच्या अबकारी कायद्याने मोहाची दारू ठेकेदाराची झाली. तापीकाठी कापसाची शेती वाढली, तसे कर्जाच्या कागदांवरून जमिनी सावकारांकडे आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या. कालपर्यंत जो जमीन कसत होता तो त्याच जमिनीवर ‘सालदार’ म्हणून, म्हणजे वर्षाच्या करारावरचा गडी म्हणून राबू लागला. पुढे जे काही वाचाल ते या पार्श्वभूमीवर वाचावे.

४.४ याहामोगीची कोठी

देहवाली बोलीत ‘याहा’ म्हणजे आई. याहामोगी ही सातपुड्यातील आदिवासींची कुलमाता. महाशिवरात्रीच्या सुमारास गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यातील देवमोगरा येथे तिची यात्रा भरते व नंदुरबार जिल्ह्यातून हजारो माणसे तेथे जातात. बांबूच्या टोपल्यांतून नवे धान्य देवीला नेले जाते. कथा अशी सांगितली जाते की, एकदा मोठा दुष्काळ पडला, माणसे आणि गुरे देशोधडीला लागली, तेव्हा याहामोगीने आपल्या कोठीतील धान्य सर्वांना वाटले. राजा पांठा, विना ठाकोर ही या कथाचक्रातील अन्य नावे, आणि अक्कलकुवा तालुक्यातील दाब हे त्या कथेशी जोडलेले स्थान.

या कल्पित जगाचे एक वैशिष्ट्य चटकन ध्यानात येईल. ते आकाशात नाही, मरणानंतरही नाही. दाबला पायी जाता येते. स्वर्गाची वर्णने करणाऱ्या वाङ्मयात पत्ता नसतो. येथे पत्ता आहे, आणि तो ऐकणाऱ्याला माहीत असतो. त्या जगातील सर्वांत मोठे वैभव कोणते, तर भरलेली कोठी आणि ती उघडणारी आई. रत्ने, अप्सरा, सोन्याचे महाल यांचे तेथे महत्त्व नाही. ज्याच्या घरात धान्य सावकाराच्या मापाने येत होते, त्याच्या कल्पनेत वाटणाऱ्या हाताला मान मिळावा, हे स्वाभाविकच आहे. कथा भूतकाळात सांगितली जाते खरी, पण यात्रेत दरवर्षी टोपली नेताना ती वर्तमानात येते. एकेकाळी घेतलेल्याची परतफेड चालू राहते. म्हणजे नाते संपलेले नाही.

४.५ देवीची आज्ञा

१९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवी निघाली, असे लोक सांगू लागले. नाशिककडचा डोंगराळ भाग आणि डांग ओलांडून ती वर्षअखेरीस नवापूरला लागून असलेल्या सुरत जिल्ह्यातील आदिवासी गावांत पोचली. लोक तिला सलाबाई म्हणत. ती ज्याच्या अंगात येई तो आज्ञा सांगे : दारू-ताडी सोडावी, मांस सोडावे, रोज स्नान करावे, घर स्वच्छ ठेवावे, दारूच्या ठेकेदाराकडे कामाला जाऊ नये. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर १९८७ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ सुविख्यात आहे. ठेकेदारांचा आणि जमीनदारांचा धंदा बसला, म्हणून ही देवी अनेकांच्या डोळ्यांत सलली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की येथे ‘येवो’ नाही; सरळ द्वितीय पुरुषी आज्ञार्थ आहे. ‘सोडा’, ‘करा’, ‘जाऊ नका’. मात्र आज्ञा करणारा माणूस स्वतः आज्ञा करत नाही. मराठीतील वाक्यरचना पाहा : ‘तिच्या अंगात देवी आली.’ वाक्याचा कर्ता देवी आहे. बाई केवळ स्थळ आहे, ‘अंगात’ या सप्तमीत उभी आहे. एखाद्या मजुराने ठेकेदाराच्या गुत्त्यावर जाऊ नका असे स्वतःच्या तोंडाने सांगितले असते तर त्याला दुसऱ्या दिवशी काम मिळाले नसते. देवीने सांगितले तर कोणाला धरणार? ज्या समाजाला कर्ता होण्याची मुभा नाही, तो अधिकरण होऊन बोलतो. मला हे फार हुशारीचे व्याकरण वाटते.

४.६ ‘आप’

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र घेत असताना सर्वनामांचा पाठ चालू होता. चाळिशीतील एक विद्यार्थी उभा राहिला. आश्रमशाळेत स्वयंपाकी म्हणून काम करून तो शिकत होता. तो म्हणाला, “मॅडम, आमच्या घरी मी आजोबांनाही ‘तू’च म्हणतो. त्यात अपमान नसतो. पण बाजारात माझ्या मुलाच्या वयाचा दुकानदार मला ‘तू’ म्हणतो आणि मी त्याला ‘शेठ’ म्हणतो. मग ‘तू’ एकच आहे का दोन?” वर्गात थोडे हसू झाले. मी हसले नाही, कारण रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोन संशोधकांनी १९६० साली जो प्रसिद्ध निबंध लिहिला तो नेमका याच प्रश्नावर आहे. एकेरी सर्वनाम दोन्ही बाजूंनी वापरले तर ते जवळिकीचे, एकाच बाजूने वापरले तर ते सत्तेचे.

हा प्रश्न मनात ठेवून १९३८ सालाकडे या. तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात, तळोदा तालुक्यातील मोरंबा या गावी, जे आज रंजनपूर म्हणून ओळखले जाते, भिल्ल समाजातील गुलाम महाराज यांनी आरती सुरू केली. दारू सोडावी, स्वच्छ राहावे, भांडणे करू नयेत ही त्यांची शिकवण होती. एवढ्यावर ते इतर अनेक सुधारकांसारखेच ठरले असते. परंतु त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : एकमेकांना ‘आप’ म्हणा. ‘आप की जय’ हा त्यांचा जयघोष झाला आणि चळवळीलाच लोक ‘आप’ या नावाने ओळखू लागले.

यात काय घडले ते बारकाईने पाहू. भिल्लांच्या बोलींत आदरार्थी बहुवचनाचा बडेजाव नाही. ‘तू’ हे तेथे सर्वांचे सर्वनाम होते आणि ते समतेचेच होते. बाजारात, कचेरीत, बांधावर आल्यावर तेच ‘तू’ उलटून अंगावर येई. ‘आप’ हे हिंदी आणि गुजराती बोलणाऱ्यांच्या तोंडचे, व्यापाऱ्याने अधिकाऱ्यासाठी राखून ठेवलेले सर्वनाम. ते भिल्लाला कोणी म्हणणार नव्हते. गुलाम महाराजांनी ते कोणाकडे मागितले नाही. भिल्लाने भिल्लाला ते द्यावे, असे सांगितले. सालदाराने सालदाराला ‘आप’ म्हणताच, त्या दोघांपुरते का होईना, एक वेगळे राज्य सुरू होते. तेथे ‘येवो’ नाही आणि ‘होते’ही नाही. ते आहे.

जगात याच्या नेमकी उलट वाट धरणारेही झाले. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी सरदारापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांना एकेरी सर्वनामाने संबोधण्याचा नेम केला. त्यासाठी मार खाल्ला, तुरुंग भोगला. फ्रेंच राज्यक्रांतीतही काही काळ सर्वांनी सर्वांना ‘तू’ म्हणावे असा आग्रह होता. ती माणसे वरच्यांना खाली आणून समता साधू पाहत होती. मोरंब्याला जमलेल्यांनी कोणालाच खाली ओढले नाही, स्वतःलाच वर घेतले. या दोन्हींत श्रेष्ठ कोणते, यावर संपर्कसत्रात वाद घालता येईल. माझा कल मोरंब्याकडे आहे, आणि त्यात थोडा पक्षपात असू शकेल. आक्षेप घेणारा म्हणेल की, समतेचे स्वतःचे ‘तू’ टाकून वरच्या वर्गाचे सर्वनाम उसने घेणे हा पराभवच नाही का? आक्षेप खोटा नाही. दारू आणि मांस सोडण्याच्या शिकवणीलाही तो लागू पडतो. उसन्या शब्दाला मात्र घेणाऱ्याच्या तोंडी नवा अर्थ येतो. दुकानदाराचे ‘आप’ माणसे निवडत होते. आरतीतले ‘आप’ निवडत नव्हते.

आरतीला हजारो माणसे जमू लागली. गुलाम महाराजांचे त्याच वर्षी निधन झाले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे नेले. दारूचा धंदा करणारे आणि मजुरांवर अवलंबून असणारे अस्वस्थ झाले, आणि पुढे प्रशासनाने रामदास महाराजांना जिल्ह्याबाहेर जाण्याचा हुकूम दिला. ज्यांना आपण स्वप्नाळू समजतो त्यांना राज्यकर्ते कधीच स्वप्नाळू समजत नाहीत, याचे आणखी भयंकर उदाहरण भिल्लांच्याच इतिहासात आहे. राजस्थान-गुजरात सीमेवरील मानगड टेकडीवर गोविंद गुरूंचे भिल्ल भक्त जमले असता १७ नोव्हेंबर १९१३ रोजी त्यांच्यावर गोळीबार झाला आणि शेकडो माणसे मारली गेली. धुनीभोवती बसलेल्या माणसांवर बंदुका चालवाव्याशा वाटल्या, त्या अर्थी ते कल्पित राज्य समोरच्यांना पुरेसे खरे वाटले असले पाहिजे.

‘आप’चा धागा पुढे तसाच सरळ गेला असे मी म्हणणार नाही. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना स्थापन झाली. भिल्ल समाजातून आलेले अंबरसिंग सुरतवंती हे त्या काळच्या लढ्याचे प्रमुख नेते. त्या लढ्याची भाषा आरतीची नव्हती, सातबाऱ्याची होती. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याविषयीचा राज्याचा कायदा १९७४ चा आहे. याच चळवळीतून आलेले कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. त्यांच्या ‘स्टेज’ या सुप्रसिद्ध कवितेत बोलणारा ‘आम्ही’ आहे. ‘तू’ ऐकून घेणारे, ‘आप’ म्हणणारे आणि ‘आम्ही’ म्हणून बोलणारे अशी तीन सर्वनामे एकाच मुलखात, एका माणसाच्या आयुष्याएवढ्या अवधीत पाहायला मिळतात.

४.७ पाण्याखालचा पत्ता

येथवर कल्पित जगाला पत्ता मिळताना आपण पाहिले. उलटेही घडते. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातील ३३ गावे आली. ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीत १९९३ च्या पावसाळ्यात पाणी शिरले. विस्थापितांना सखल भागातील वसाहतींत जमिनी देण्यात आल्या. कोणाला मिळाल्या, कोणाला किती वर्षांनी मिळाल्या, तो स्वतंत्र विषय आहे. भाषेच्या अंगाने पाहिले तर एक वेगळे नुकसान दिसते. आदिवासी गाण्यांत आणि कथांत नाले, टेकड्या, झाडे, पाड्यांच्या वाटा नावानिशी येतात. ती नावे ऐकणाऱ्याला बोट दाखवून ओळखवता येत. पाणी चढल्यावर तीच नावे केवळ शब्द उरली. वसाहतीत जन्मलेल्या मुलाला आजीच्या गावचा नाला आणि परीकथेतील नदी यांत फरक कसा कळावा? दोन्ही त्याने पाहिलेल्या नाहीत. फरक क्रियापदात आहे. आजी ‘तिथे नाला आहे’ असे म्हणते की ‘तिथे नाला होता’ असे म्हणते, याकडे लक्ष द्या. काही वृद्ध स्त्रिया अजूनही वर्तमानकाळात बोलतात. पूर्वी मला ती विस्मृती वाटे. आता तसे वाटत नाही.

४.८ स्वाध्याय

तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक अशी कथा, आरती, नवस किंवा गाणे ऐका, ज्यात ‘चांगले राज्य’, ‘भरलेली कोठी’, ‘परत येणारा राजा’ किंवा ‘मूळचे गाव’ यांपैकी काही आले आहे. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन, त्यांच्याच बोलीत, शब्द न सुधारता उतरवून घ्या. प्रमाण मराठीत भाषांतर वेगळ्या पानावर करा. त्यानंतर मूळ मजकुरातील सर्व क्रियापदांखाली रेघ ओढा आणि प्रत्येकासमोर काळ व अर्थ लिहा. सर्वनामे वेगळ्या रंगाने अधोरेखित करा. चांगल्या राज्यात कोण कोणाला काय म्हणून हाक मारते, हे एका परिच्छेदात लिहा. सांगणाऱ्या व्यक्तीशी बोलताना तुम्ही स्वतः कोणते सर्वनाम वापरले आणि त्यांनी तुम्हांला कोणते वापरले, तेही नोंदवा. वही संपर्कसत्राला येताना सोबत आणावी.